पटावरची अकरा नावं

सोमवार, ११ ऑगस्ट

सत्र सुरू झालं. पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनाचा ऑनलाईन वर्ग माझ्याकडे आहे. पटावर अडतीस नावं. त्यातली माणसं किती, ते देव जाणे! गेल्या सत्रात नऊ बोगस निघाली. नाव खोटं, पत्ता खोटा, निबंध यंत्राने लिहिलेले. शिष्यवृत्तीचा हप्ता पडला की पसार. ती नऊच्या नऊ मी हुडकून काढली. हॅलोरनसाहेब आमचे विभागप्रमुख. ते भर बैठकीत म्हणाले, "देओलिंडाचं नाक म्हणजे शिकारी कुत्र्याचं." सगळे हसले, मीही हसले. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. आम्हा तासिकावाल्यांना मिळून एक खोली, तीही मागच्या अंगाला, रुळांपलीकडच्या, पीच-संत्र्यांची खोकी भरायच्या शेडसमोर. दुपारी बाराला त्या शेडचा भोंगा झाला की खिडकीच्या काचा थरथरतात. आज कॉफी सांडली ती थेट हजेरीपटावर. पहिल्याच दिवशी!

गुरुवार, १४ ऑगस्ट

सगळ्यांना स्वतःची ओळख लिहायला सांगितली होती. त्यात ओदिलिया सांतियागो नावाची कुणी एक आहे. तिने लिहिलंय, "मला शिकायला आवडतं. मी मेहनती आहे. मला या वर्गातून खूप काही मिळेल अशी आशा आहे." झालं. कुठल्या गावची, किती वर्षांची, घरी कोण, काही नाही. यंत्राला झोपेतून उठवून विचारलं तरी ते हेच सांगेल.

दुसरा क्रिस्पिन सांतियागो. त्याची ओळखही जवळजवळ तीच. फक्त "आवडतं" च्या जागी "बरं वाटतं". पत्ता दोघांचा एक. वर्गात यायची वेळही एक. तिची नोंद बारा वाजून नऊ मिनिटांनी, त्याची बारा चौदाला. सोमवारी हेच, मंगळवारी हेच. इतक्या ठरल्या वेळी रोज कोण येतं? घड्याळ लावून ठेवलेलं यंत्र. माणूस कधी साडेदहाला येतो, कधी विसरतो.

दोन्ही नावांपुढे लाल खूण केली.

बुधवार, २० ऑगस्ट

नोंदणीच्या खिडकीवर आराक्सी बसते. बावीस वर्षं बसतेय. तिला न कळता या कॉलेजात कुणी शिंकतही नाही. तिला विचारलं, "हा क्रिस्पिन सांतियागो खरा आहे का गं?"

"खरा म्हणजे? हाडामांसाचा?"

"हो, तसाच."

"आहे की. ओळखपत्राचा फोटो काढायला आला होता जुलैत. लाजाळू पोरगा, कान एवढाले. हसत नव्हता, मीच हसवला."

"आणि ओदिलिया?"

ती संगणकात बघून म्हणाली, "हिने फोटो काढलेला नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "लिंडा, तू पोलिसात का नाही गेलीस?"

"तिथे तरी कायम नोकरी असते का?"

"बरी आठवण केलीस. कायम जागा निघतेय. विभागाला एकच. पण मी तुला काही सांगितलेलं नाही हं."

तरीच! हॅलोरनसाहेब परवा माझ्यासाठी दार धरून उभे होते. अकरा वर्षांत त्यांनी कधी दार धरलं नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

सापळा लावला. पुस्तकी ज्ञानाचा प्रश्नच विचारला नाही. लिहिलं, "आज दुपारी काय जेवलात? कुठे, कोणाबरोबर? दहा ओळी." यंत्राला पोट नसतं, बघू आता काय करतंय.

बहुतेकांनी पिझ्झा लिहिला. क्रिस्पिनने लिहिलं, "बटाटा. उभा राहून. बहिणीबरोबर." दहा ओळी सांगितल्या होत्या! पण मला हायसं वाटलं. एवढा कंटाळा यंत्राला येत नाही.

आणि ओदिलियाचं हे. उतरवून ठेवते:

"आम्ही उभ्यानेच जेवतो, कारण एकदा बसलं की उठवत नाही. पीचची लव हाताला असते. डोळ्यावर केस आले तर मनगटाने सारायचे, बोटाने नाही, नाहीतर दिवसभर डोळे चोळत बसावं लागतं. चुलतभाऊ माझ्या टाकोतला बटाटा पळवतो. मी बघून न बघितल्यासारखं करते, कारण त्याचं अजून वाढायचं वय आहे आणि माझं संपलं."

तीनदा वाचलं. छान आहे. फार छान आहे. म्हणूनच तर! पंधरा दिवसांपूर्वी "मी मेहनती आहे" लिहिणारी पोरगी आज हे लिहिते? यंत्राला सांगायचं, गरीब मुलीसारखं लिही, की ते असंच लिहीत असणार. आणि बटाटा दोघांच्याही उत्तरात! म्हणजे माणूस एकच. क्रिस्पिन खरा, आणि त्याने ही बहीण बनवलीय, दुसऱ्या शिष्यवृत्तीसाठी. एवढाल्या कानांचा लाजाळू पोरगा, आणि डोकं बघा.

मी आल्यागेल्याला सांगावं असं हे कोडं सोडवलंय, पण सांगायला कुणी नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर

आज पटपडताळणी. आज संध्याकाळी पाचला जी नावं पटावर असतील, ती धरायची. त्यातल्या किती जणांनी कोर्स पुरा केला, तो माझा टक्का. त्याआधी गेलेलं नाव कुठेच मोजलं जात नाही, जणू ते नव्हतंच. म्हणजे चाळायचं ते आजच चाळलेलं बरं.

अकरा नावं काढली. सात तर उघड बोगस होती, त्यांच्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तीन जणांनी जेवणाचं उत्तरच दिलं नव्हतं. ओदिलिया अकरावी. तिच्या नावावर बोट ठेवून थोडा वेळ बसले. मनात आलं, एक फोन करावा का? पण नियम स्पष्ट आहे. संशयिताशी बोलायचं नाही, पत्राला उत्तर द्यायचं नाही, उत्तरातून ते शिकतात. खरं माणूस असेल तर ओळखपत्र घेऊन खिडकीवर येईल. खिडकी नऊ ते साडेचार उघडी असते. यायला काय होतं?

पाचला दहा कमी असताना बटण दाबलं. पटावर सत्तावीस राहिले.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

ओदिलियाच्या नावाने दोन पत्रं आली. "मिस बोर्बा, मला वर्ग दिसत नाही, माझं काही चुकलं का?" दोन्ही बारा ते साडेबारामध्ये आलेली. बघा! उत्तर दिलं नाही. तिची पत्रं सरळ कचऱ्यात पडतील असं करून ठेवलं.

बुधवार, २४ सप्टेंबर

आता क्रिस्पिनने तोंड उघडलं. "मिस, माझ्या बहिणीला वर्ग उघडत नाही. ती रोज विचारते." मी लिहिलं, "तिने ओळखपत्र घेऊन कार्यालयात यावं." त्यावर त्याचं उत्तर, "ती आली होती. खिडकी बंद झाली होती." आता कार्यालय साडेचारला बंद होतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बनवाबनवी करायची तर निदान नीट करावी.

तरी आराक्सीला सहज विचारलं. ती म्हणाली, "साडेचारनंतर दाराशी रोज कुणी ना कुणी असतंच. मी बसमध्ये असते तेव्हा."

क्रिस्पिनचे निबंध मात्र सुधारतायत. आता तो पूर्ण वाक्यं लिहितो. हाही संशयाचाच मुद्दा आहे. त्याला कोण शिकवतंय?

बुधवार, २२ ऑक्टोबर

हॅलोरनसाहेबांनी बोलावलं. माझ्या सत्तावीसपैकी पंचवीस अजून टिकून आहेत. पहिल्या वर्षाच्या वर्गात हे कधी झालं नव्हतं. बाकीच्यांचे निम्मे गळालेत. ते म्हणाले, "वरपर्यंत तुमचं नाव गेलंय. काय करता तरी काय तुम्ही?"

मी म्हटलं, "लक्ष ठेवते."

"मुलाखत अकरा डिसेंबरला. अर्जात स्वतःबद्दल थोडं लिहा. कुठून आलात, कशा शिकलात. कमिटीला असलं आवडतं."

म्हणून बसून आठवलं. आम्ही डेअरीवर राबणारी माणसं, अझोरेस या पोर्तुगीज बेटांवरून आलेली. आसपासच्या चार पोर्तुगीज घरांत इंग्रजी लिहिता येणारी मी एकटी, अकरा वर्षांची. सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचे, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. एकदा कचेरीतल्या बाईने चारही अर्ज एका अक्षरात बघितले आणि म्हणाली, "ही चार माणसं नाहीत, एकच आहे. परत घेऊन जा." बाबांनी टोपी हातात धरली होती. गाडीत बसल्यावरच त्यांनी ती परत डोक्यावर घातली. त्या बाईची लाल नखं मला अजून दिसतात. मेलीने एकदा आमच्या तोंडाकडे तरी बघायचं!

हे मुलाखतीत सांगेन. ऐकायला चांगलं वाटेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

क्रिस्पिनचं पत्र. "मिस, पाचवा निबंध कुणी वहीत हाताने लिहिला तर चालेल का? शब्द कसे मोजायचे?" मी लिहिलं, तू टाईप करतोस, तुला वही कशाला हवी? उत्तर नाही.

हा पोरगा काहीतरी शिजवतोय. सत्राच्या शेवटी काय ते बाहेर पडेल.

सोमवार, ८ डिसेंबर

घडलं तसं लिहिते.

सकाळी अकराला आमच्या खोलीच्या दारात एक मुलगी उभी. बुटकी, वीसेक वर्षांची, डोक्याला रुमाल, काखेत वही. म्हणाली, "मिस बोर्बा? मी ओदिलिया."

माझ्या मनात पहिला विचार काय आला? लिहिते, ही माझीच वही आहे. मनात आलं, क्रिस्पिनने कुणालातरी उभं केलंय.

"ओळखपत्र?" मी विचारलं.

तिने दिलं. "आधीच्या ओळखपत्रावर जुना पत्ता होता, मिस. म्हणून ऑक्टोबरमध्ये खिडकीवरच्या बाई म्हणाल्या चालणार नाही. आता नवीन आलंय."

"ऑक्टोबरमध्ये आली होतीस?"

"पावसाने शेड बंद होती त्या दिवशी. त्याआधी दोनदा आले, तर खिडकी बंद. आम्हाला साडेपाचला सोडतात."

तिने वही माझ्यापुढे ठेवली. पहिला निबंध, दुसरा, तिसरा, सातही. प्रत्येकावर तारीख, प्रत्येकाखाली शब्द मोजून लिहिलेले, पाचपाचाच्या रेघा मारून. सप्टेंबरपासून एकही चुकवलेला नाही. क्रिस्पिनच्या फोनवर प्रश्न बघून ती वहीत लिहीत होती.

"तुझं नाव पटावर नाही हे माहीत होतं ना तुला?"

"हो."

"मग कशाला लिहीत राहिलीस?"

तिला प्रश्नच कळला नाही बहुतेक. "कोर्स पुरा करायचा होता, मिस," ती म्हणाली.

तरीही माझं समाधान होईना. काय बाई आहे मी! म्हटलं, वही कुणीही भरून देईल. कोरा कागद पुढे केला. "बस इथे. माझ्यासमोर लिही. तू रोज बघतेस अशा एखाद्या माणसाबद्दल." ती बसली. मी समोर बसून तिच्या बोटांकडे बघत राहिले, जणू ती माझं पाकीट मारणार होती. ती हळू लिहीत होती. खोडत होती, पुन्हा लिहीत होती. अर्धा तास गेला, पाऊण झाला.

आणि भोंगा झाला. काचा थरथरल्या. तिने पेन खाली ठेवलं आणि एकदम उभी राहिली. हात खिशाकडे गेला, दुसऱ्या हाताने कुणालातरी बाजूला सारावं तसं केलं. मग तिच्या लक्षात आलं आपण कुठे आहोत, आणि ती ओशाळली.

"सॉरी मिस. सवय आहे. भोंगा झाला की आमची जेवणाची सुट्टी, अर्धा तास. पाच मिनिटांत खायचं, मग आधी मी फोनवर अभ्यास करते, मग क्रिस्पिन. फोन एकच आहे ना. आधी मी, कारण त्याला मीच समजावून सांगते."

बारा वाजून नऊ मिनिटं. बारा चौदा. चार महिने तो भोंगा माझ्या कानाशी रोज बोंबलत होता. मी कॉफी पुसत होते.

"सुरुवातीला तुम्ही दोघांनी सारखीच ओळख का लिहिली?" मी विचारलं.

"चूक होऊ नये म्हणून. आमच्या घरी इंग्रजी लिहिता येणारी मी एकटीच. सगळ्यांचं मीच लिहिते."

मला टोपी दिसली, बाबांच्या हातातली. मी उठून खिडकीशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. लाज वाटली. दुसरा शब्द नाही. तिने मागून विचारलं, "मिस, मी लिहू का पुढे? वेळ संपली का?"

मी म्हटलं, "नाही गं. लिही."

मंगळवार, ९ डिसेंबर

सकाळी आराक्सीकडे गेले. पटावर नाव परत घ्यायचा अर्ज असतो. त्यात कारण लिहायला तीनच चौकोन: आजारपण, संगणकातला दोष, अध्यापकाची चूक. सत्राचे गुण शुक्रवारी बंद होतात, त्याआधी द्यायला हवा.

आराक्सी म्हणाली, "मधल्या चौकोनात खूण कर. संगणक काही भांडायला येत नाही."

क्षणभर हात तिथे गेलाही होता. मग हॅलोरनसाहेबांकडे गेले, कारण अर्जावर त्यांचीही सही लागते. त्यांनी वाचलं, दार लावलं.

"देओलिंडा, मुलाखत परवा आहे."

"माहीत आहे."

"अध्यापकाची चूक असं लिहिलं की त्या दिवशी काढलेली सगळी नावं तपासावी लागतात. अकराच्या अकरा. टक्का पुन्हा मोजतील. तुमचं वर गेलेलं नाव मीच पाठवलंय, माझंही हसं होईल. अर्ज पुढच्या आठवड्यात द्या ना."

"शुक्रवारी गुण बंद होतात."

"मग ती जानेवारीत परत बसेल. तरुण मुलगी आहे, काय बिघडतं?"

"तिने कोर्स पुरा केलाय," मी म्हटलं. "सातही निबंध. काल माझ्यासमोर आठवा. माझ्या पंचवीस जणांत असं पुरं केलेला एकही नाही. पटावर नव्हती एवढंच, आणि पटावरून तिला मी काढलं."

"नाक एकदा चुकतं कुणाचंही," ते म्हणाले. समजूतच काढत होते बिचारे.

मी तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सही केली, पण माझ्याकडे न बघता. दार मला माझंच उघडावं लागलं.

बारा वाजून गेले होते. आराक्सीने खिडकीवर पाटी लावली आणि तिच्या डब्यातलं अर्धं मला दिलं. पातळ रोटीत गुंडाळलेलं वांगं आणि चीज. खुर्ची एकच, म्हणून दोघींनी उभ्यानेच खाल्लं. मी तिला म्हटलं, "बाकीच्या दहांचे नंबर दे."

"आत्ता? आधी ते नीट गिळ."

"आत्ता."

"लिंडा, त्यातले बरेच खरोखर बोगस असतील."

"असतील. पण मी त्यांच्याकडेही बघितलेलं नाही."

पहिला नंबर अस्तित्वातच नव्हता. दुसरा एका टायरच्या दुकानाचा निघाला, तिथला माणूस खेकसला. तिसरा, चौथा, पाचवा बंद. मला मनातून बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला लिहू. सहावा बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला. मागे लहान मूल रडत होतं.

"कोण?" बाईचा आवाज, दमलेला.

मी कॉलेजचं नाव सांगितलं, माझं सांगितलं.

"कॉलेजनं मला सप्टेंबरमध्ये काढून टाकलं," ती म्हणाली. "बाळाला हॉस्पिटलात ठेवलं होतं, एक उत्तर द्यायचं राहिलं, त्याची ही शिक्षा. तीन पत्रं लिहिली, कुणी ओ दिली नाही. आता कशाला फोन?"

"त्यासाठीच केलाय. माझी चूक झाली. मी तुमच्या वर्गाची शिक्षिका."

"हं," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात बँकेतून म्हणून एक जण असंच गोड बोलत होता. आजकाल काय, आवाजसुद्धा यंत्राने काढतात. तुम्ही खऱ्या बाई आहात कशावरून?"

ओळखपत्र फोनवर दाखवता येत नाही. अकरा वर्षांची नोकरी सांगून काय उपयोग? आराक्सी हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत होती.

मग मी त्या बाईला आज दुपारी काय जेवले ते सांगितलं. वांगं आणि चीज, रोटीत गुंडाळलेलं. अर्धंच, कारण डबा मैत्रिणीचा. उभ्याने, कारण खुर्ची एक. आणि मीठ जरा जास्त झालं होतं, पण तिला सांगितलं नाही.

"अगं!" आराक्सी म्हणाली.

पलीकडे मुलाचं रडणं फोनच्या जवळ आलं, तिने त्याला उचलून घेतलं असावं. मग ती बाई म्हणाली, "बोला."